उसाचे इथेनॉल: लिटर वाढतात ते नेमके कुठे?

प्रश्न सांगे तालुक्यातल्या एका तरुण ऊस उत्पादकाचा आहे. त्यांनी लिहिले ते थोडक्यात असे: "ब्राझीलमध्ये एका हेक्टरच्या उसातून सात हजार लिटर इथेनॉल काढतात, असे ऐकले. आम्ही साळावलीच्या पाण्यावर ऊस करतो. संजीवनी कारखान्याचे गाळप थांबल्यापासून ऊस घाटापलीकडे जातो. उद्या गोव्यात नव्या तंत्राचा इथेनॉल प्रकल्प आला, तर आमची उत्पादकता वाढेल का? की त्यासाठी आम्हालाच काही करावे लागेल?"

बाब, सात हजारांचा आकडा ऐकीव असला तरी खोटा नाही. ब्राझीलच्या दक्षिण-मध्य पट्ट्यात, पाऊसपाणी जमलेल्या वर्षी, नीट चालणाऱ्या कारखान्याला हेक्टरी साडेसहा-सात हजार लिटर मिळतात. पण १४ नोव्हेंबर १९७५ ला तिथल्या सरकारने पेट्रोलऐवजी उसाचे इथेनॉल वापरण्याचा प्रोआल्कूल कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्यांचाही आकडा अडीच हजारांच्या आतबाहेरच होता. मधल्या पन्नास वर्षांत हे लिटर आले कुठून, ते समजले की तुमच्या प्रश्नाचे उत्तर अर्धे मिळते. मी तीस वर्षे डिस्टिलरीत काढली, बहुतेक बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात. आता फोंड्याला घरी असतो. तेव्हा बोलतो ते अर्थशास्त्र्याच्या नव्हे, टाकीवर चढणाऱ्याच्या नजरेने.

आधी एक हिशेब करू. तुमच्या एक टन उसात यीस्टला खाता येईल अशी १४० किलो साखर आहे असे धरा. एक किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५११ ग्रॅम अल्कोहोल निघते. हा निसर्गाचा नियम आहे, कोणत्याही कंपनीची मशीन तो मोडू शकत नाही. लिटरमध्ये मोजले तर १४० किलोचे साधारण ९० लिटर. आता गळती बघा. गाळपात ९५ टक्के साखर रसात आली, उरलेली चिपाडाबरोबर बॉयलरमध्ये गेली. फर्मेंटरमध्ये, म्हणजे रस आंबवायच्या टाकीत, ९० टक्के साधले, कारण यीस्ट स्वतः वाढायला आणि ग्लिसरॉल करायला थोडी साखर खाते. डिस्टिलेशनमध्ये, म्हणजे आंबलेल्या रसातून अल्कोहोल उकळून काढताना, ९८.५ टक्के हाती लागले. शेवटी उरले ७६ लिटर. आता जगातले उत्तम यंत्र आणि उत्तम माणूस आणा. गाळप ९७, फर्मेंटेशन ९२, डिस्टिलेशन ९९ टक्के. किती झाले? ८० लिटर. कोट्यवधी रुपये घालून टनामागे चार लिटर मिळाले.

आता दुसऱ्या बाजूने बघा. तोच साधा प्लांट, पण ऊस कोवळा, तुरा आलेला किंवा तोडून चार दिवस पडलेला. १४० ऐवजी १२० किलो साखर. ७६ चे ६५ लिटर झाले, म्हणजे एका टनात ११ लिटर गेले आणि प्लांटमधला एकही व्हॉल्व्ह कुणी हलवलेला नाही. हेक्टरी टन तर अजून आपण मोजलेच नाहीत. ५० टनांचा ७० टन झाला की सगळा हिशेब दीडपटीजवळ जातो. ब्राझीलच्या पन्नास वर्षांतला मोठा वाटा इथलाच आहे: टन वाढले आणि टनातली साखर वाढली.

अर्थशास्त्राची माणसे उत्पादकतेचे दोन भाग पाडतात. एक, धंद्यातला सगळ्यात पुढचा कारखाना आणखी पुढे जातो, ती तंत्राची झेप. दुसरा, मागचे कारखाने त्याला गाठतात, ती कार्यक्षमता. वर्तमानपत्रात बातमी पहिल्याची होते. माझ्या अनुभवात पैसा दुसऱ्यात आहे, आणि दुसऱ्याकडे लक्ष नसेल तर पहिल्याचाही चुराडा होतो. एक प्रसंग सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही, सीमेपलीकडचा होता एवढे पुरे.

तिथे नवा डिस्टिलेशन कॉलम बसवला होता. पाहुणे यायचे, फोटो काढायचे. मार्च महिना, मी रात्रपाळीला. तीन नंबरच्या फर्मेंटरच्या मॅनहोलवर वाकलो तर नेहमीचा पिकल्या फळासारखा वास नाही, नासलेल्या ताकासारखा आंबट वास. वॉशचे, म्हणजे टाकीत आंबणाऱ्या द्रवाचे, तापमान ३८. अल्कोहोल आठ टक्क्यांवर यायला हवे होते, निघाले पावणेसहा. टाकी दीड लाख लिटरची. म्हणजे एका टाकीत तीन हजार लिटरच्या वर माल कमी. सकाळी वॉश थंड करणारा प्लेट हीट एक्स्चेंजर उघडायला लावला. प्लेटांच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत थर, बोटाने ओढला तर जेलीसारखा निघत होता. मळीतला, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकातला, कॅल्शियमचा गाळ आणि त्यावर वाढलेले जिवाणू. वॉश थंड होत नव्हता म्हणून यीस्ट दमले, आणि गरम वॉशमध्ये आम्ल करणाऱ्या जिवाणूंनी साखर खाल्ली. तो एक्स्चेंजर दर बंदच्या दिवशी कॉस्टिक सोड्याने धुवायचा असतो. धुतला नव्हता, कारण नव्या कॉलमवर खर्च इतका झाला होता की देखभालीच्या माणसांत कपात केली होती. पुढे धुण्याचे वेळापत्रक भिंतीवर लावले आणि दोन महिन्यांत फर्मेंटेशनची कार्यक्षमता चार टक्क्यांनी सुधारली. नवीन काही घेतले नाही, कॉस्टिक तेवढे लागले.

आपल्याकडे हे समजावणे सोपे आहे, कारण गोव्यात घराघरात कुणीतरी काजूची दारू गाळायची भाटी बघितलेली असते. काजूचे बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, तुडवून रस काढतात, तो भांड्यात आपोआप आंबतो, भाटीकार त्यात यीस्ट टाकत नाही. हवेतले, फळाच्या सालीवरचे रानटी यीस्ट आणि जिवाणू मिळून काम करतात. त्यात आम्ले होतात, एस्टर होतात, आणि फेणीचा तो वास तिथूनच येतो. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, ज्या वासाला आपण नावाजतो, तोच इंधनाच्या इथेनॉलमध्ये तोटा असतो. भाटीकाराला वास हवा, मला फक्त अल्कोहोल हवा.

गंमत अशी की ब्राझीलची एक मोठी झेप रानटी यीस्टमधूनच आली. तिथले बहुतेक कारखाने एकदा वापरलेले यीस्ट फेकत नाहीत. वॉश सेंट्रिफ्यूजमधून काढतात, यीस्टची साय वेगळी करतात, पाण्यात पातळ करून त्यात सल्फ्युरिक आम्ल घालतात, सामू दोन-अडीचवर आणून तास-दोन तास ठेवतात. जिवाणू मरतात, यीस्ट तग धरते, आणि परत टाकीत जाते. पद्धत मूळची फ्रान्समधली, मेल-ब्वानो नावाची. यामुळे टाकीत यीस्टची गर्दी इतकी असते की सहा ते बारा तासांत रस आंबून होतो. मळीवरच्या आमच्या बॅचला चोवीस ते छत्तीस तास लागायचे. पण हंगामाच्या सुरुवातीला टाकलेले बेकरीचे यीस्ट काही आठवड्यांत गायब होते आणि रसाबरोबर आलेली रानटी जात टाकीचा ताबा घेते, हे तिथल्या संशोधकांच्या लक्षात आले. त्यांनी या दांडग्या जातींपैकी ज्या फेस करत नाहीत, गोळे धरत नाहीत आणि हंगामभर टिकतात त्या निवडल्या. पीई-२ आणि कॅट-१ ही त्यांतली दोन नावे, दोन्ही कारखान्यांच्या टाक्यांतूनच मिळालेली. याला मी खरे तंत्रज्ञान म्हणतो. जागेवर बघून, तिथलेच वेचून घेतलेले. त्या जाती आणून आपल्या मळीत टाकल्या की काम झाले, असे मात्र होत नाही. आपली मळी खारट, गाळाची, सेंट्रिफ्यूज तुंबतात. एका कारखान्यात हा प्रयोग दीड महिन्यात गुंडाळलेला मी बघितला आहे. ताज्या रसावर किंवा सिरपवर चालणारा प्लांट असेल तर गोष्ट वेगळी.

रस आणि मळी म्हटले की आणखी एक गफलत दूर करतो. एक टन उसापासून निघेल तेवढी साखर काढून उरलेल्या सी हेवी मळीचे इथेनॉल केले तर दहा-अकरा लिटर मिळतात. थोडी साखर राहू दिलेल्या बी हेवी मळीचे केले तर वीसच्या आसपास, पण साखर थोडी कमी पडते. सगळ्या रसाचेच केले तर ७० लिटर किंवा वर, आणि साखर शून्य. भाषणात कुणी "दहा लिटरवरून सत्तर लिटर, सातपट उत्पादकता" म्हणाले तर हसून सोडून द्या. ऊस तोच, साखर तीच, तिचे गिऱ्हाईक फक्त बदलले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने रस आणि बी हेवी मळी इथेनॉलसाठी मोकळी केली, सरकारने प्रत्येकाला वेगळा दर दिला, म्हणून हे परवडू लागले. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे आणि सी हेवीच्या इथेनॉलला ५७ रुपये ९७ पैसे दर होता. हा दर दिल्लीत ठरतो, आणि दिल्ली तो दरवाजा बंदही करते. ७ डिसेंबर २०२३ ला साखर कमी पडेल म्हणून रसाचे इथेनॉल एका आदेशाने थांबवले, मग मर्यादा घालून थोडे मोकळे केले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठवले. हंगाम ऐन भरात असताना आदेश आलेला, आणि प्लांटचे हप्ते मात्र चालूच.

आता तुमच्याशी थेट संबंध असलेली गोष्ट, आणि माझ्या मते ब्राझीलकडून शिकण्यासारखी ही पहिली. साओ पाउलोमध्ये १९९८-९९ च्या हंगामापासून ऊस टनाने नव्हे, उसातून मिळू शकणाऱ्या साखरेच्या किलोने विकत घेतात. ट्रक आला की वरून पोकळ नळी उसात घुसवून नमुना काढतात, प्रयोगशाळेत मोजतात, आणि त्या उत्पादकाच्या नावावर तेवढे किलो लिहितात. किलोचा दर साखर आणि इथेनॉल या दोन्हींच्या बाजारभावाशी बांधलेला. आपल्याकडे एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये होता, पण उतारा धरतात तो सगळ्या कारखान्याचा सरासरी. तुम्ही पाचट काढून, पक्व झालेला, बुडापासून तोडलेला ऊस त्याच दिवशी पोचवला, आणि शेजाऱ्याने वाढ्यांसकट कोवळा ऊस तीन दिवसांनी आणला, तरी दोघांच्या पावतीवर दर तोच. मग गोड ऊस कोण कशाला करील? तो टन वाढवील, युरिया टाकील, पाणी तोडणीपर्यंत चालू ठेवील. त्याची चूक नाही, काटा जे मोजतो तेच माणूस पिकवतो. गोव्यात उद्या नवा प्रकल्प आलाच, तर कॉलम कुणाचा आणि पाणी काढणारी सीव्ह कुठली हे विचारण्याआधी गेटवर नमुना काढायची नळी असेल का, हे विचारा.

इथेनॉलसाठी मोजायची साखरही थोडी वेगळी आहे. साखर कारखान्याला फक्त सुक्रोज हवे, कारण दाणे त्याचेच बांधतात. तोडलेला ऊस उन्हात पडला की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि साखर कारखान्याच्या दृष्टीने ते बुडाले. यीस्टला मात्र दोन्ही चालतात. त्यामुळे शिळा ऊस इथेनॉलला तितका मारक नाही. पण याचा अर्थ निवांत राहा असा नको. ऊस स्वतः श्वासोच्छ्वासात साखर जाळतो, आणि तोडलेल्या टोकांतून शिरणारे जिवाणू डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ आणि आम्ले करतात. ते कुणाच्याच कामाचे नाही. तुमचा ऊस सांग्याहून घाट चढून खानापूरच्या बाजूला जातो तेव्हा ट्रकची रांग, घाटातली कोंडी, तोडणीच्या टोळीची वाट, सगळे मिळून जे दोन-तीन दिवस जातात त्यांची किंमत तुम्ही भरता आणि तिची पावती कुठेच येत नाही. गोव्यातल्या गोव्यात गाळप झाले तर पहिला फायदा हा. त्याला नवे तंत्र लागत नाही, फक्त जवळचा काटा लागतो.

तोडणी यंत्राबद्दल थोडे, कारण तुमच्या प्रश्नात ते डोकावतेच. साओ पाउलोने २००२ च्या कायद्याने ऊस पेटवून तोडायची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले, २००७ च्या करारात मुदती अलीकडे आणल्या, आणि काही वर्षांत जवळपास सगळी तोडणी यंत्राने होऊ लागली. धूर गेला, माणसांचे हाल कमी झाले. पण हेक्टरी टन घसरले. अवजड यंत्रांनी माती दाबली, खोडवे (तोडणीनंतर बुडातून पुन्हा फुटणारा ऊस) उपटले, उसाबरोबर माती आणि पाला कारखान्यात गेला. त्यात २००८ च्या आर्थिक मंदीनंतर लागवड नवी करायला कारखान्यांकडे पैसा नव्हता. २०११ च्या दुष्काळाने आणि थंडीने भर घातली, आणि दक्षिण-मध्य ब्राझीलचे सरासरी उत्पादन हेक्टरी ७० टनांच्या खाली आले. तंत्र पुढे आणि उत्पादकता मागे, असे वर्षानुवर्षे चालले. आपल्या उताराच्या, तुकड्या-तुकड्यांच्या जांभ्या जमिनीत मोठे यंत्र मुळात वळणारच नाही. लहान यंत्रासाठी सरीतले अंतर साडेचार-पाच फूट लागते, तेव्हा नवी लागण करताना पट्टा पद्धत घेऊन ठेवा, एवढेच सांगेन.

चिपाडापासून इथेनॉल, ज्याला दुसऱ्या पिढीचे म्हणतात, त्यावर फार भिस्त ठेवू नका. ब्राझीलमध्ये त्याचे मोठे प्लांट झाले, पण चिपाडाबरोबर आलेल्या वाळूने त्यांची पूर्वप्रक्रियेची यंत्रे घासून काढली.

डिस्टिलेशनमध्ये मात्र बदल खरोखर झाला. इंधनाला ९९.५ टक्क्यांच्या वरचे अल्कोहोल लागते आणि साध्या उकळीने पंचाण्णवच्या आसपास गाडी अडते, पाणी सोडतच नाही. पूर्वी ते ओढायला बेंझिन किंवा सायक्लोहेक्झेन घालत. आता झिओलाइटचे मणी असलेले मॉलिक्युलर सीव्ह असतात. त्यांची छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा रेणू आत जातो, अल्कोहोलचा बाहेर राहतो. विषारी रसायन गेले, वाफ वाचली. वाफ वाचली म्हणजे चिपाड वाचले, आणि चिपाड वाचले म्हणजे वीज विकता आली. नव्या प्रकल्पात हे असणारच, त्याचे कौतुक करायची गरज नाही.

गोव्यासाठी दोन अडचणी मला जास्त मोठ्या वाटतात. पहिली दिवसांची. समजा राज्यातला सगळा मिळून ५० हजार टन ऊस एका ठिकाणी आला. टनाला ७० लिटर धरले तर ३५ लाख लिटर. रोज ३० हजार लिटरचा लहानसा प्लांट तेवढ्यावर ११७ दिवस चालेल. उरलेले आठ महिने तो गंजत उभा, व्याज मात्र ३६५ दिवसांचे. म्हणून आता धान्यावरही चालणारे प्लांट उभे करतात. मक्याच्या टनाला ३७० ते ३८० लिटर मिळतात, मका बाहेरून येतो. सहकारी कारखान्यांनी असे बदल करावेत म्हणून केंद्राने मार्च २०२५ मध्ये व्याज सवलतीची योजनाही आणली. पण प्रकल्प आठ महिने मक्यावर चालू लागला की मालकाचे लक्ष उसावर किती राहील? कराराच्या वेळी उसाला प्राधान्य लिहून घेतले नाही तर तुमचा ऊस पाहुणा होईल.

दुसरी अडचण स्पेंट वॉशची. अल्कोहोल काढून घेतल्यावर एका लिटर इथेनॉलमागे आठ ते पंधरा लिटर तांबडे, गरम, आम्लयुक्त पाणी उरते, ते हे. ३० हजार लिटरच्या प्लांटचे रोजचे तीन लाख लिटर धरा. ब्राझीलमध्ये ते पाट काढून उसालाच देतात, पोटॅशचे खत म्हणून. त्यांच्याकडे मैलोन्मैल सपाट रान आहे. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटर, जमीन उताराची, आणि संजीवनी कारखाना जिथे आहे त्या धारबांदोड्याच्या खालून वाहणारी खांडेपारची नदी ओपाच्या पाणी प्रकल्पाला मिळते. फोंडा आणि पणजी तेच पाणी पितात, मीही पितो. तेव्हा स्पेंट वॉश आटवून बॉयलरमध्ये जाळणे आणि राखेतले पोटॅश खत म्हणून विकणे, याला पर्याय नाही. लहान प्लांटला हा खर्च टनामागे जड पडतो.

आणि हो, २००३ मध्ये पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला ज्या नऊ राज्यांपासून सुरुवात झाली, त्यांत गोवा होता. मिश्रणात आपण पहिल्या रांगेत, आणि आपल्या उसाचा थेंब त्यात जवळजवळ नाही.

तर तुमचे उत्तर. प्रकल्प आल्याने तुमच्या टनाला चार लिटर जास्त मिळतील, घाट वाचल्याने आणखी काही. बाकी सगळे अजून तुमच्या सरीत आहे. खोडव्यातले मोकळे गाळे रोपे लावून भरा. पाचट जाळू नका, सरीत पसरा. तोडणीआधी तीन-चार आठवडे पाणी आवरा. टोळीवर उभे राहून ऊस जमिनीलगत तोडून घ्या, सगळ्यात गोड पेर बुडाशी असते आणि तीच जागेवर सोडून द्यायची आपल्याला सवय आहे. आणि रसाची गोडी मोजायचा एक हँड रिफ्रॅक्टोमीटर घ्या, दोन-तीन हजारांत येतो. तुळशीच्या लग्नाला बाजारात जाईल तेवढा ऊस काढून झाला की दर पंधरा दिवसांनी शेताच्या पाच जागचे ऊस घ्या, आतल्या भागातले, बांधावरचे नकोत. प्रत्येकाच्या खालच्या पेरातून आणि वरच्या पेरातून रसाचा एक-एक थेंब काचेवर ठेवून ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, बघा. खाली २० आणि वर १४ असेल तर थांबा. वरचा आकडा खालच्याला भिडायला लागला की टोळी बोलवा. दोन्ही आकडे, तोडणीची तारीख आणि काट्याची वेळ एका वहीत लिहून ठेवा. दोन हंगामांची वही भरली की मला दाखवायला फोंड्याला या. प्रकल्पवाल्याशी दराची बोलणी करताना तीच वही तुमच्या हातात हवी.